आतड्यातले जिवाणू आणि आयबीडी: कोकणातल्या घरासाठी सविस्तर मार्गदर्शक

पावसाळ्यात कोकणात पोट बिघडणं नवीन नाही. दोन दिवस जुलाब झाले, थोडी आव पडली की मेडिकलमधून ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिकची पट्टी आणायची, पेज प्यायची आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागायचं, ही रीत घरोघरी ठरलेली आहे. बहुतेकांचं त्यात भागतं, कारण तसला जुलाब गोळी न घेताही थांबणारच असतो. काहींचं मात्र भागत नाही. शौचातून रक्त जायला लागून चार आठवडे उलटतात, वजन उतरतं, रात्री झोपेतून उठून धावावं लागतं, आणि दर खेपेला नवी पट्टी आणली जाते. अशा माणसाला आयबीडी, म्हणजे आतड्याचा दीर्घकालीन दाह असू शकतो. तसं असेल तर ती पट्टी दोन बाजूंनी नुकसान करते. निदान लांबतं, आणि आतड्याला ज्या जिवाणूंची सगळ्यात जास्त गरज असते तेच मारले जातात.

आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो. तो गुदाशयापासून सुरू होतो, सलग वर चढतो आणि आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याचं शेवटचं टोक ही त्याची आवडती जागा. तो मध्ये निरोगी भाग सोडून तुकड्यातुकड्यांनी पसरतो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरतो. म्हणून क्रोन्समध्ये आतडं आकसतं, भगंदर होतं, पोटात गळू होतात. दोन्ही आजार आयुष्यभर सोबत राहतात, पण दोन्ही नीट आटोक्यात ठेवता येतात.

आतड्याच्या भिंतीवर काय चालतं

निरोगी मोठं आतडं आतून जवळून पाहिलं तर अस्तराच्या पेशींवर बुळबुळीत श्लेष्माचा थर दिसतो. हा थर दुपदरी असतो. वरचा पदर सैल असतो आणि त्यात जिवाणू राहतात. खालचा पदर पेशींना घट्ट चिकटलेला असतो आणि तिथे जवळजवळ एकही जिवाणू नसतो. शरीरात एकूण अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, आणि सगळ्यांचं मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास. एवढी गर्दी आणि आपल्या पेशी यांच्यामध्ये उभा असतो तो हा पातळ खालचा पदर. आयबीडीमध्ये तो विरळ होतो, जिवाणू पेशींपर्यंत पोचतात आणि प्रतिकारशक्ती खवळून उठते.

जिवाणूंपैकी काहींचा उद्योग आपल्याला फार उपयोगी आहे. भात, नाचणी, कडधान्य, भाज्या यांतला जो भाग आपल्याला पचत नाही तो ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन तेच. हे इंधन जाळताना पेशी ऑक्सिजन संपवतात, त्यामुळे आतड्याची पोकळी ऑक्सिजनविना राहते. ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंना नेमकी तशीच जागा लागते. म्हणजे ते आपल्या पेशींना जेवू घालतात आणि आपल्या पेशी त्यांना राहण्याजोगी जागा ठेवतात.

दाह सुरू झाला की ही देवाणघेवाण मोडते. पेशी आजारी पडतात, ऑक्सिजन पोकळीत झिरपतो, ब्युटिरेटवाले मरतात. त्यांच्या जागी ऑक्सिजन चालवून घेणारे ई. कोलायच्या कुळातले जिवाणू माजतात. ते दाह वाढवतात, आणि दाह त्यांना वाढवतो. क्रोन्सच्या अनेक रुग्णांमध्ये फीकॅलिबॅक्टेरियम प्राउसनित्झी हा ब्युटिरेट बनवणारा जिवाणू फार कमी झालेला सापडतो. शिवाय काहींच्या लहान आतड्याच्या टोकाला पेशींना चिकटून आत शिरणारे ई. कोलाय सापडतात.

‘जिवाणूंमुळे आजार होतो की आजारामुळे जिवाणू बदलतात?’ हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. उत्तर दोन्हीकडे जातं. बेल्जियममधल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये दाखवलं की क्रोन्सचं आतडं कापून जोडल्यावर मळ त्या जोडावरून न नेता आधीच बाहेर वळवला, तर जोडाजवळ आजार परत येत नाही. मळाचा प्रवाह पूर्ववत केला की येतो. पुढे १९९८ मध्ये तीन रुग्णांच्या अशा बाजूला ठेवलेल्या आतड्यात आतड्यातलाच द्रव सोडला, तेव्हा आठवडाभरात दाह दिसू लागला. पण तोच मळ निरोगी माणसाच्या आतड्याला काहीच करत नाही. जनुकांची ठेवण (क्रोन्सशी जोडलेलं एनओडी२ हे जनुक २००१ मध्ये सापडलं), लहानपणी वारंवार घेतलेली अँटिबायोटिक्स, धूम्रपान, आहार असं बरंच काही जुळून यावं लागतं. तेव्हा एखादा वाईट जंतू शोधून मारला की आयबीडी बरा होईल, ही आशा सोडलेली बरी.

निदान पक्कं करून घ्या, विशेषतः टीबी आणि अमीबा

चार आठवड्यांहून जास्त जुलाब, रक्त, रात्री उठवणारा जुलाब, कारण नसताना उतरणारं वजन किंवा गुदद्वाराजवळ परत परत होणारं गळू, यांपैकी काहीही असेल तर पोटविकारतज्ज्ञ गाठा. तालुक्याला नसेल तर रत्नागिरी, कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई, जे सोयीचं असेल ते. ‘मूळव्याध असेल’ म्हणून वर्ष काढणारे पुष्कळ असतात. मूळव्याधीचं रक्त सहसा शौचानंतर लालभडक थेंबांनी पडतं. आयबीडीत ते आवेत आणि मळात मिसळलेलं असतं, सोबत शौचाची घाई असते.

पहिली तपासणी शौचाची. अमीबा जिवंत आणि हलता दिसला तरच खात्रीने ओळखता येतो, त्यासाठी नमुना अर्ध्या तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली जावा लागतो. वाडीतून डबी घेऊन एसटीने तालुक्याला पोचेपर्यंत तो मरतो. म्हणून शक्य असेल तर लॅबमध्येच शौचाला जा. नमुना पाण्यात किंवा लघवीत मिसळलेला नको. रक्त किंवा आव लागलेला भाग घ्या. रिपोर्टवर नुसतं ‘सिस्ट (अमीबाची कवचातली अवस्था) दिसले’ एवढंच असेल तर तो अमीबाच्या आजाराचा पुरावा मानू नका, कारण निरुपद्रवी अमीबाचे सिस्ट अगदी तसेच दिसतात. तांबड्या पेशी गिळलेला अमीबा दिसला तर मात्र तो खरा. हा फरक महत्त्वाचा आहे: अमीबा असताना कोलायटिस समजून स्टिरॉइड दिलं तर आतडं फुटू शकतं.

दुसरी तपासणी फीकल कॅलप्रोटेक्टिन. आतड्यात दाह असेल तर पांढऱ्या पेशींतलं हे प्रथिन मळात उतरतं. प्रति ग्रॅम ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर दाहाची शक्यता कमी, २५० च्या वर असेल तर दाह बऱ्यापैकी आहे असं धरतात, मधले आकडे काही दिवसांनी पुन्हा तपासायचे. सकाळचा पहिला मळ घ्या. आधीच्या दोन आठवड्यांत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक घेतली असतील तर डॉक्टरांना सांगा, कारण त्यांनीही आकडा चढतो. जंतुसंसर्गातही चढतो. हे प्रथिन टिकाऊ आहे, नमुना तीन दिवसांत लॅबला पोचला तरी चालतो, म्हणून कुरियरने पाठवण्यात अडचण नाही. फ्रीजमध्ये ठेवून पाठवलेला उत्तम.

मग कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं पाहणं, आणि बायोप्सी, म्हणजे तपासायला आतड्याचे छोटे तुकडे काढणं. आपल्याकडे सगळ्यात अवघड प्रश्न इथे उभा राहतो: क्रोन्स की आतड्याचा टीबी? दोघांनाही तीच जागा आवडते, दोघांतही अल्सर आणि आकसलेलं आतडं दिसतं, बायोप्सीतही दोघे सारखे भासू शकतात. ताप, रात्री घाम आणि पोटात पाणी असेल तर टीबीकडे कल जातो. बरेच महिने चाललेला जुलाब आणि रक्त असेल तर क्रोन्सकडे. टीबीच्या रुग्णाला क्रोन्सची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर टीबी अंगभर पसरतो. म्हणून बायोप्सीचे तुकडे टीबीचा जंतू शोधणाऱ्या जीनएक्स्पर्ट आणि कल्चर या चाचण्यांना पाठवलेत का, हे डॉक्टरांना तोंडाने विचारा. तरीही ठरत नसेल तर टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. अल्सर भरले असतील तर तो टीबी. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ही दुसरी कोलोनोस्कोपी टाळू नका. सगळा निर्णय तिच्यावरच अवलंबून असतो.

एक तपासणी मात्र करू नका. घरी किट मागवून आतड्यातल्या जिवाणूंची यादी देणाऱ्या महागड्या चाचण्या निघाल्या आहेत. त्या यादीवरून औषध किंवा आहार ठरवण्याची खात्रीची पद्धत अजून नाही. तेच पैसे कॅलप्रोटेक्टिनवर खर्च करा.

अँटिबायोटिक कधी घ्यायचं, कधी नाही

आयबीडीच्या माणसाला जुलाब वाढले की तीन शक्यता असतात: आजार भडकला, बाहेरचा संसर्ग झाला, किंवा आधीच्या अँटिबायोटिकमुळे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, म्हणजे सी. डिफ, हा जिवाणू माजला. तिन्ही वरून सारखेच दिसतात. म्हणून भडका आला की प्रत्येक वेळी मळाची सी. डिफसाठी तपासणी करा. तपासणी पातळ मळाचीच होते. लॅब लांब असेल तर नमुना फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांवर ठेवून बर्फाच्या पिशवीसोबत पाठवा. उघड्यावर राहिला की त्यातलं सी. डिफचं विष नष्ट होऊन रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. सी. डिफ निघाला तर तोंडावाटे व्हॅन्कोमायसिन देतात, साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, १० दिवस. घरातल्यांनी हात साबणाने चोळून धुवावेत. सॅनिटायझरने सी. डिफचे बीजाणू मरत नाहीत.

अँटिबायोटिकला नेहमीच नाही म्हणू नका. क्रोन्समध्ये गुदद्वाराजवळ गळू झालं, मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्यापासून बनवलेल्या पिशवीला सूज आली, ताप भरला, तर डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोल देतील आणि ते घ्यायलाच हवं. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारूचा थेंबही नको. स्टिरॉइडसोबत सिप्रोफ्लॉक्सासिन घेत असताना टाचेच्या मागे किंवा पोटरीत दुखू लागलं तर गोळी थांबवून लगेच फोन करा, स्नायूला हाडाशी बांधणारा दोर (टेंडन) तुटू शकतो.

भातलावणीत आणखी एक प्रश्न येतो. चिखलात पाय घालून काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन देतात. आयबीडी आहे म्हणून ती नाकारू नका. लेप्टो जीव घेतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याला धोका जास्तच. मात्र आरोग्य सेविकेला आपला आजार सांगा. गोळी जेवणानंतर, उभं राहून किंवा बसून, पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. जमलं तर यंदा लावणीच्या चिखलात दुसऱ्या कोणाला उतरू द्या आणि तुम्ही बांधावर तरवा सोडवत बसा. पायाला जखम असेल तर उतरायचंच नाही.

अंग दुखलं की डायक्लोफेनॅकची गोळी किंवा सुई ही दुसरी सवय. आयबीडीत त्याने भडका येऊ शकतो. पॅरासिटामॉल घ्या.

औषधं, आणि एक जुनं औषध जे जिवाणूंशिवाय चालत नाही

मेसालामाइन हे कोलायटिसचं नेहमीचं औषध, त्याच्या गोळ्या चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत. त्यांचं वेष्टन आतड्यात खाली, ठरावीक आम्लतेला विरघळावं असं बनवलेलं असतं. सल्फासॅलाझिन हे १९४० च्या दशकापासूनचं स्वस्त औषध. ते जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू त्याचे दोन तुकडे करतात आणि एक तुकडा काम करू लागतो. जिवाणूच नसतील तर ही गोळी अर्धवट निकामी ठरते. त्यासोबत फॉलिक ॲसिड घ्यावं लागतं, आणि पुरुषांमध्ये शुक्राणू तात्पुरते कमी होतात, म्हणून मूल हवं असेल तर आधी सांगा.

आजार गुदाशयापुरता असेल तर सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायची औषधाची वडी, तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडते, पण लाजेपायी ती फ्रीजमध्ये तशीच पडून राहते. रात्री झोपताना, शौचाला जाऊन आल्यावर, डाव्या कुशीवर पडून ठेवायची. मे महिन्यात ती मऊ पडली असेल तर वेष्टनासकट पाच मिनिटं गार पाण्यात धरा.

बरं वाटलं की औषध सोडणं, हे भडक्याचं सगळ्यात साधं कारण. स्टिरॉइड तर अचानक सोडायचंच नाही. ते हळूहळू उतरवतात, आणि दीर्घकाळ ठेवायचं औषध ते नव्हेच. पावसाळ्याआधी महिनाभराच्या जादा गोळ्या भरून ठेवा. दरड कोसळून रस्ता बंद झाला की पंचाईत होते. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा, पट्टीतून आधी काढून ठेवू नका.

कुड्याच्या सालीचा काढा कोकणात पिढ्यानपिढ्या हगवणीवर देतात. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका आणि त्यासाठी तपासणी पुढे ढकलू नका.

जेवण: भडक्यात वेगळं, बरं असताना वेगळं

सगळ्यात जास्त चूक इथे होते. भडक्यात पोटाला आराम म्हणून भाज्या, कडधान्यं बंद करतात, ते ठीक. पण भडका ओसरल्यावरही वर्षभर पांढरा भात, बटाटा आणि ताकावर राहतात. ब्युटिरेट बनवणारे जिवाणू उपाशी मरतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की तंतूमय अन्न बंद केलं की काही जिवाणू पोट भरण्यासाठी श्लेष्माचा थरच खाऊ लागतात.

भडक्यात पेज हा आपल्याकडचा उत्तम आधार. एक वाटी उकड्या तांदळाला आठ-दहा वाट्या पाणी, कणी पूर्ण फुटेपर्यंत शिजवा, दर वाटी पेजेत दोन चिमट्या मीठ. जुलाब फार असतील तर गाळून निवळ द्या. सोबत मऊ शिजवलेला लाल भोपळा, साल काढलेला दुधी, अंडं, वाफवलेली सुरमई किंवा पापलेट. प्रथिनं तोडू नका, दाहात शरीर झिजतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण मीठ कमी असतं, म्हणून जुलाबात नुसत्या शहाळ्यावर राहू नका. ओआरएसची एक पुडी बरोबर एक लिटर पाण्यात घाला. पुडी नसेल तर एक लिटर पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ. लोणचं, सुकटाची तिखट चटणी आणि सोलकढीतली मिरची-लसूण या दिवसांत नको.

दोन-तीन आठवडे रक्त नाही, शौच बांधून होतंय, तर तंतू परत आणायला लागा, एका वेळी एकच पदार्थ. सुरुवात नाचणीने करा: दोन चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. कोमट झाल्यावर ताक घाला. उकळत्यात घातलं तर ताकातले जिवाणू मरतात. चार दिवस ठीक गेले तर कुळथाची पिठी, मग मोडाची मऊ उसळ, मग कच्च्या केळ्याची भाजी. कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च असतो, तो जिवाणूंना फार आवडतो. एखाद्याने गॅस किंवा कळ आली तर तो आठवडाभर मागे ठेवा आणि पुन्हा अर्ध्या प्रमाणात करून पाहा. कायमचा वर्ज्य करण्याची घाई नको. कांदा-लसणातले तंतू काहींना सक्रिय दाहात त्रास देतात. बरं असताना बहुतेकांना चालतात.

आतडं आकसलेलं असेल तर हिशोब बदलतो. कापा फणसाचे गरे, खोवलेल्या खोबऱ्याचा चोथा, भाजीतला चिवट दोर, काजूचे मोठे तुकडे, बोंबील-बांगड्याचे काटे अडकून आतडं बंद पडू शकतं. खोबऱ्याऐवजी गाळलेला नारळाचा रस, काजूऐवजी वाटलेला काजू, भाजी शिजवून घोटलेली. तंतू बंद करायचे नाहीत, बारीक करायचे. जेवणानंतर कळा येऊन पोट फुगलं, उलटी झाली, वारा सरायचा थांबला तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखान्यात जा.

आदल्या रात्रीचा भात सकाळी खायचा असेल तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवलेला असावा. आपल्या दमट उकाड्यात बाहेर राहिलेल्या भातात विष तयार करणारे जिवाणू वाढतात, आणि ते विष पुन्हा गरम केलं तरी जात नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर तिसऱ्या, कालवं, शिनाणे अर्धकच्चे नकोत: शिंपले उघडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं उकळा, न उघडलेले टाकून द्या.

पाकीटबंद आइस्क्रीम, बेकरीचा माल, सॉस यांच्या पाकिटावर आयएनएस ४६६ आणि ४३३ हे आकडे शोधा. पदार्थ दाट आणि एकजीव ठेवणारी ही द्रव्यं उंदरांमध्ये श्लेष्माचा थर पातळ करतात असं २०१५ मध्ये दिसलं. माणसातला पुरावा अजून तेवढा भक्कम नाही, पण हे पदार्थ कमी केल्याने कोणाचं काही बिघडणार नाही.

मुलांमधल्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे फक्त पूर्ण पोषण देणारं द्रव अन्न दिलं जातं आणि दाह उतरवण्यात ते स्टिरॉइडच्या तोडीचं ठरतं. वाढीच्या वयात स्टिरॉइड टळतं, हा मोठा फायदा. हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचं. बाजारातली कुठलीही पोषण पावडर त्यासाठी चालत नाही.

दही, कॅप्सूल, आणि मळाचं रोपण

फीकॅलिबॅक्टेरियम प्राउसनित्झी ऑक्सिजन लागताच मिनिटांत मरतो. म्हणून तो विरजणात नसतो आणि नेहमीच्या प्रोबायोटिक कॅप्सूलमध्येही नसतो. त्याला वाढवायचा घरगुती मार्ग एकच, त्याला खाऊ घालणं. घरचं दही-ताक पचत असेल तर जरूर घ्या, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका. प्रोबायोटिकचा उपयोग क्रोन्समध्ये सिद्ध झालेला नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत ठेवण्यासाठी ई. कोलाय निसल १९१७ हा एक जिवाणू मेसालामाइनच्या बरोबरीने चालल्याचे प्रयोग आहेत. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निसल यांनी जुलाब न झालेल्या एका सैनिकाच्या मळातून तो वेगळा केला होता. शस्त्रक्रियेने केलेल्या पिशवीची सूज रोखायला आठ जातींचं एक मिश्रण काहींना उपयोगी पडतं. म्हणजे जात आणि आजार, दोन्ही जुळावे लागतात. पाकिटावर किती कोटी जिवाणू लिहिले आहेत ते गौण. फ्रीजमध्ये ठेवायची कॅप्सूल दिवसभर वीज गेलेल्या घरात पडली असेल तर तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नका. शिरेत सलाइनची नळी कायम ठेवलेली असेल किंवा प्रतिकारशक्ती फार खालावली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सॅकरोमायसिस बुलार्डीसारखं यीस्ट घेऊ नका, ते रक्तात उतरू शकतं.

निरोगी दात्याचा मळ तपासून, गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडणं हा सी. डिफवरचा परिणामकारक उपचार आहे, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या काही रुग्णांनाही त्याने फायदा झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. भारतात लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजने त्यावर बरंच काम केलं आहे. घरी मात्र हा प्रयोग मुळीच करू नये. दात्याच्या मळात औषधांना न जुमानणारे जिवाणू होते म्हणून अमेरिकेत एक रुग्ण दगावला आणि २०१९ मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांना इशारा द्यावा लागला.

विहिरीचं पाणी

जांभा दगड सच्छिद्र असतो. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत अंगणातलं, गोठ्यातलं, शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून झिरपून विहिरीत येतं. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकताना अंदाजपंचे मूठभर टाकू नका. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा आणि १,००० ने गुणा, झाले लिटर. दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत खाली सोडून हलवा, आणि किमान तासभर उपसा करू नका. उघडून ठेवलेली जुनी पावडर निकामी असते. पिण्याचं पाणी एवढं करूनही खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळूनच घ्या.

वाट न बघता निघायचं तेव्हा

दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि त्यासोबत नाडी ९० च्या वर किंवा ताप १०० अंश फॅरेनहाइटच्या वर, हा तीव्र कोलायटिस. रुग्णालयात भरती व्हावंच लागतं. लोपरामाइड घेऊन जुलाब थांबवू नका, आतडं फुगून फुटण्याचा धोका असतो. सिंधुदुर्गातून गोव्याचं बांबोळी रुग्णालय, रत्नागिरीतून कोल्हापूर असा पल्ला असेल तर अंधार पडायच्या आत, घाट सुरू आहे का ते विचारून निघा. दाह भडकलेला असताना पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून वाटेत दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला, चालवत नसेल तर पावलं वर-खाली हलवत राहा. एका पोटरीला सूज आली किंवा दम लागला तर पोचताच आधी ते सांगा.

पिशवी आधीपासून भरून दाराशी ठेवा. कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीचे रिपोर्ट, शेवटच्या कॅलप्रोटेक्टिनचा आकडा, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, ओआरएस, बदलायचे कपडे. आणि एका कागदावर गेल्या तीन महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव, तारीख आणि किती दिवस घेतलं ते. तपासणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत तोच कागद लागतो.